आधी कॉर्नर, मग पेटी

गिटार अ‍ॅम्प्लिफायरची पेटी घरी तयार करणारा माणूस स्पीकर, प्लायवूड आणि मापे यांचा महिनोन्महिने विचार करतो आणि कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यांवर बसवायची तयार संरक्षक आवरणे, आणायला मात्र रेक्झिन चिकटवून झाल्यावर निघतो. मीही तेच केले. इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या गच्चीवर 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची, एका 12 इंची स्पीकरची पेटी उभी राहिली, तिच्यावर काळे रेक्झिन चढले आणि त्यानंतर सियागंजच्या बाजारात फिरून मी निकेल चढवलेले, तीन पायांचे (म्हणजे पेटीच्या तीन बाजूंवर टेकणाऱ्या तीन पट्ट्यांचे) आठ कॉर्नर घेऊन आलो. पहिला कॉर्नर पेटीच्या कोपऱ्यावर ठेवला, तेव्हा तो बसला नाही, तर तिपाईसारखा डुलू लागला. त्याच्या पायांखाली दोन रुपयांचे नाणे सरकेल एवढी फट होती.

कारण साधे होते, पण मला ते कागदावर आकृती काढल्यावरच कळले. पेटीच्या कडा मी राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, 6 मिलिमीटर त्रिज्येच्या गोल केल्या होत्या आणि कॉर्नरच्या आतली गोलाई 12 मिलिमीटरची होती. लाकडाची कड कॉर्नरपेक्षा टोकदार असली, की तीन कडा मिळतात ते टोक आधी कॉर्नरच्या पोटाला टेकते आणि पाय पृष्ठभागापासून अधांतरी राहतात. रेक्झिनची एक मिलिमीटर जाडी धरून हिशेब केला, तरी प्रत्येक पायाखाली सुमारे दोन मिलिमीटर अंतर उरत होते. तरीही स्क्रू आवळले की पत्रा वाकून बसेल, अशा समजुतीने मी एक कॉर्नर आवळला. पत्रा वाकला खरा, पण भोकाभोवतीचे निकेल तडकले आणि प्लायवूडमधला स्क्रू जागच्या जागी फिरू लागला.

माझे मामा अनेक वर्षे हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करत असत. त्यांनी तो कॉर्नर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “अरे, टोपी तयार मिळते, डोकं तू घडवतोयस. मग आधी टोपी आणायची ना!” ते अर्थातच बरोबर होते. कॉर्नरची गोलाई कारखान्यात ठरलेली असते, राउटरचा बिट, म्हणजे कापणारे पाते, आपण निवडतो. त्यामुळे बदलता येणारी गोष्ट न बदलता येणाऱ्या गोष्टीनुसार ठरवावी लागते.

तेव्हापासून मी कॉर्नर हातात आल्याशिवाय फळी कापत नाही. जाड पुठ्ठ्यावर कंपासने 9, 10, 12 आणि 13 मिलिमीटर त्रिज्येचे पाव-गोल काढून कापावेत आणि एकेक करून कॉर्नरच्या आत लावून पाहावा. ज्याच्या मागे उजेड दिसत नाही, ती आपली त्रिज्या. रेक्झिन कडेवरून वळते तेव्हा त्याच्या जाडीइतकी गोलाई आपोआप वाढते, म्हणून लाकडाची गोलाई कॉर्नरइतकीच ठेवली तरी बाहेरची किंचित अधिक होते, आणि ते हवेच असते, कारण कोपऱ्यावर रेक्झिनचे थर एकावर एक येतात. राउटर फिरवल्यावर टोक थोडे उंच वाटले, तर मी ते कानशीने उतरवतो. कॉर्नरखाली थोडे लाकूड जास्त गेले तर कोणाला दिसत नाही. जास्त राहिले तर मात्र सगळ्यांना दिसते.

रेक्झिनच्या बाबतीत एकच पथ्य पाळतो: कोपऱ्यावर दोनपेक्षा अधिक थर येऊ देत नाही. तिरपा काप देऊन, सोल्यूशन लावून, केस वाळवायच्या यंत्राने रेक्झिन थोडे गरम केले, की ते अंगठ्याने दाबून टोकावर ओढता येते. कापाचा सांधा पूर्णपणे कॉर्नरखाली झाकला जातो, आणि वाहतुकीतील धक्क्यांपासूनचे संरक्षण सोडले, तर कॉर्नरचे दुसरे काम हेच आहे.

स्क्रूंचे प्रकरण मात्र मला सर्वांत महागात पडले. दुसऱ्या पेटीच्या फळ्या मी टोकाला टोक लावून स्क्रूने जोडल्या होत्या, आणि कॉर्नरचे भोक पाडताना ड्रिल नेमके आतल्या जोडाच्या स्क्रूवर आदळले. बिट तुटून आतच राहिला. आता जोडाचा पहिला स्क्रू मी कडेपासून किमान सहा सेंटिमीटर आत घेतो. कॉर्नर चिकटपट्टीने जागेवर धरतो, भोकाच्या मध्यभागी टोच्याने खूण करतो, दोन मिलिमीटरचे भोक पाडतो आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण लावतो. प्लायवूडच्या कडेत स्क्रू थरांच्या मध्ये शिरतो आणि थर फाकवतो, म्हणून भोक आधी पाडण्याला पर्याय नाही. आठ कॉर्नरचे चोवीस स्क्रू मी हातानेच फिरवतो. विजेच्या स्क्रूड्रायव्हरचे टोक एकदा घसरले, की रेक्झिनवर उमटलेली रेघ कायमची राहते.

कॉर्नर नीट बसला नसल्याची आणखी एक खूण कानाला कळते. पाचवी तार मोकळी वाजवली, म्हणजे 110 हर्ट्झच्या आसपास, की माझ्या पहिल्या पेटीतून बारीक झणझण येत असे. मी स्पीकर काढून तपासला, जाळीचे कापड ताणले, मागची फळी आवळली. शेवटी भाच्याने सहज पेटीवर हात टेकला, त्याचा अंगठा कॉर्नरवर पडला आणि आवाज थांबला. तळहाताएवढा पत्रा अधांतरी राहिला, की तोही वाजतो. खाली पातळ फेल्टचा तुकडा ठेवल्यावर झणझण गेली.

बाजारात मोठ्या डीजे-पेट्यांचे, गोळ्यासारखे जाड पोलादी कॉर्नरही सहज मिळतात. ते ट्रकमध्ये एकावर एक रचायच्या पेट्यांसाठी ठीक आहेत. घरगुती पेटीवर ते पैलवानाच्या पायातल्या बुटांसारखे दिसतात. काळे प्लास्टिकचे कॉर्नर अधिक क्षमाशील असतात, कारण ते थोडे लवचीक असतात. खालच्या बाजूला कोणतेही कॉर्नर लावा, पण रबरी पाय त्यांच्या जाडीपेक्षा उंच घ्या, नाहीतर पेटी पायांवर न टेकता कॉर्नरवर टेकते आणि फरशीवर चरे पडतात.

पहिली पेटी अजून माझ्याकडे आहे. तिचा तो वाकलेला कॉर्नर मी बदललेला नाही. फक्त तो कोपरा भिंतीकडे करून ठेवतो.