मायक्रास्टरची खालची बाजू मोकळी झाली, पण नळ्या तशाच ठेवल्या

चॉकमधला, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीतला मायक्रास्टर आता सगळ्या बाजूंनी मोकळा आहे. मायक्रास्टर हा हृदयाकार समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी कवचाचा समुद्री प्राणी; माझ्याकडे त्याचा जीवाश्म आहे. वरची पाच खोलगट पाकळ्यांची चांदणी आधीच दिसत होती, त्यामुळे या खेपेचं काम सगळं खालच्या बाजूचं. चॉक मऊ असतो. पाणी, मऊ ब्रश आणि पिन-व्हाइसमधली (सुई पकडायच्या छोट्या मुठीतली) सुई एवढ्यावर भागलं. व्हिनेगरचा सल्ला अजूनही अधूनमधून ऐकू येतो. तो मनावर घेऊ नका. चॉक चुन्याचा आणि कवचही कॅल्साइटचं, त्यामुळे आम्ल दोन्ही खातं आणि काट्यांच्या बुडाचे बारीक उंचवटे आधी जातात. नमुना समुद्रकाठचा असल्याने गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहिलो, नाहीतर मीठ सुकताना पापुद्रे सुटतात. एका भेगेत पातळ केलेलं पॅरालॉइड बी-72 (जीवाश्म जोडायला वापरतात ते अ‍ॅक्रिलिक राळ) सोडलं, बाकी कुठेही लेप नाही.

खालची बाजू उघडण्याचं कारण म्हणजे तोंड. नियमित, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारख्या गोल अर्चिनमध्ये तोंड खाली मधोमध आणि गुदद्वार वर शिखरावर असतं. जुरासिक काळात पुढे आलेल्या अनियमित गटांत गुदद्वार शिखरावरून मागे सरकलं, आणि हृदयाकार अर्चिनमध्ये तोंडही पुढच्या कडेकडे गेलं. मायक्रास्टरमध्ये तर तोंडावर ओठासारखा एक भाग पुढे येतो. आर्थर रो यांनी 1899 मध्ये इंग्लंडच्या चॉकमधले मायक्रास्टर थरांच्या क्रमाने मांडून दाखवले, ते याच खुणांवर: वरच्या थरांकडे जाताना तोंड पुढे सरकतं, ओठ ठळक होतो, पाकळ्या खोल होतात. माझ्या नमुन्यात ओठाने तोंड बरंच झाकलंय. तरी प्रजातीचं नाव चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. तो कड्याखाली पडलेल्या दगडातून आलाय, थर पाहिलेला नाही, आणि एका ओठावर थर ठरवणं मला पटत नाही.

आता नळ्यांबद्दल. पाठीवर सर्पुलिड अळ्यांच्या चुनखडी नळ्या वळवळत गेल्या आहेत, एक तर पाकळीच्या पन्हळीतूनच. नमुना ‘स्वच्छ’ करताना त्या खरवडायची पद्धत आहे, आणि फोटोत पाकळ्या नक्कीच उठून दिसतात. पण मायक्रास्टर गाळात बिळ करून राहणारा प्राणी. जिवंत असताना अंगावर कातडी आणि दाट काट्यांची लव असते, तिथे अळीला बस्तान कसं बसवता येणार? म्हणजे तो मेला, काटे गळाले, प्रवाहाने गाळ उपसला आणि उघडं कवच समुद्रतळावर नळ्या वाढण्याइतका काळ पडून राहिलं. मऊ गाळाच्या तळावर बसायला टणक जागा दुर्मीळ, तेव्हा अळ्यांनी ती सोडली नाही. नळ्या काढल्या की मृत्यूनंतरची ही सगळी हकीकत पुसली जाते. मी फक्त त्यांच्या कडेचा चॉक काढला.

कॅल्साइट ओळखायची खूण नव्यांसाठी: अर्चिनच्या कवचाची प्रत्येक तबकडी एकाच स्फटिकासारखी वागते, म्हणून तुटलेली कड सपाट चकाकते. दगडात अशी चकाकती रेघ वळणदार गेलेली दिसली की हातोडी बाजूला ठेवा आणि भिंग काढा.

पुढचं काम एकिनोकोरिस या दुसऱ्या अर्चिनच्या गारगोटीतल्या साच्याचं. कवच गेलंय, पण तबकड्यांमधले सांधे आतून उमटले आहेत. तिथे सुईचं काही चालणार नाही. तिरपा प्रकाश आणि फोटो, बस्स.