आजाराचा कितवा दिवस?

२०२० मध्ये आमच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आजाराचा कितवा दिवस? ताप किती, ऑक्सिजन किती लागतोय, रिपोर्ट काय आला, हे सगळं त्यानंतर.

कोविडमध्ये दिवसाला महत्त्व होतं, कारण आजार टप्प्याटप्प्याने चालायचा. पहिले काही दिवस ताप, खोकला, अंगदुखी. बहुतेकांचं तिथेच निभावून जायचं. ज्यांचं बिघडायचं त्यांचं साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास बिघडायचं, आणि तोवर विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा दाहच फुप्फुसांना जास्त नडू लागलेला असायचा. त्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे दाह दाबणारं स्टेरॉइड, दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले सुमारे एक पंचमांशाने. ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. औषध एकच, पण कुठल्या टप्प्यावर द्यायचं त्यावर सगळं अवलंबून. म्हणून दिवस मोजायचा, आणि तो दाखल झाल्यापासून नाही, स्वॅब घेतल्यापासूनही नाही, पहिलं लक्षण दिसलं तेव्हापासून.

ही पहिल्या लक्षणाची तारीख मिळवणं फार कठीण. माणसं घाबरलेली, धापा टाकत बोलणारी, आणि समोर पीपीईमधला डॉक्टर, ज्याचे डोळेसुद्धा धड दिसत नाहीत. कॅज्युअल्टीत घाईघाईत लिहिलेलं ‘ताप चार दिवस’ हे मग केसपेपरवर, तिथून फळ्यावर, तिथून रोजच्या तक्त्यात उतरत जायचं. प्रत्येक वेळी उतरवताना ते अधिकच खरं वाटू लागायचं.

आमच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाची एक ओळ होती: आजाराचा दिवस, श्वासाचा वेग, बसल्या जागी ऑक्सिजनची पातळी, किती लिटर ऑक्सिजन चालू आहे, ताप, नाडी. श्वासाचा वेग हा यातला सगळ्यात बोलका आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा. कुठल्याही वॉर्डाचे जुने तक्ते उघडून बघा, बहुतेकांपुढे १८ किंवा २० लिहिलेलं असतं, कारण पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजायला कोणाला सवड नसते. आमच्या सिस्टर मोजायच्या. घड्याळ हातात घेऊन, पूर्ण मिनिट. मी ज्या रुग्णाबद्दल लिहितेय तो त्यांच्यामुळेच आमच्या लक्षात आला.

चाळिशीचा माणूस. संशयित कक्षात दाखल. दोन्ही आरटी-पीसीआर निगेटिव्ह. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत ग्राउंड ग्लास, म्हणजे दुधी काचेसारखी धूसर छटा, आणि खाली शेरा: कोरॅड्स ४, कोविडची दाट शक्यता. रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी, एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) नेहमीच्या तिपटीच्या आसपास. त्या काळात एवढं पुरेसं होतं, आणि त्यात गैरही काही नव्हतं. स्वॅब निगेटिव्ह येऊनही कोविड असणारे रुग्ण आम्ही रोज बघत होतो. अगदी योग्य दिवशी घेतलेल्या स्वॅबमधूनही पाचातला एक संसर्ग निसटू शकतो, असं अभ्यास सांगत होते. म्हणून त्याला कोविड समजूनच डेक्सामेथासोन सुरू झालं होतं आणि नाकातल्या नळीने दोन लिटर ऑक्सिजन चालू होता.

त्या सकाळी फळ्यावर त्याच्या नावापुढे ‘दिवस १०’ होतं. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, हा झोपून असला की अगदी ठीक असतो. बाथरूमला जाऊन आला की ओठ निळे पडतात. पहिल्या दिवसापासून असंच आहे. काही वाढतही नाही, कमीही होत नाही.”

मी त्याचे सगळ्या दिवसांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले. त्या खरंच म्हणत होत्या तसंच होतं. श्वासाचा वेग २६, २८, २६, २७. दोन लिटरवर ९४, ९४, ९३, ९४. चौथ्या ते दहाव्या दिवसात कोविडचा रुग्ण एका जागी उभा राहत नाही. एक तर तो सुधारू लागतो, किंवा दोन लिटरचे सहा होतात आणि सहाचे पंधरा. इथे आलेख सपाट होता. त्याला पलंगाभोवती चालवलं, ऑक्सिमीटर बोटाला लावूनच. मिनिटभरही झालं नसेल, ९४ वरून ८१.

चालल्यावर ऑक्सिजन घसरणं कोविडमध्येही होतं, त्यामुळे निव्वळ त्यावरून काही ठरत नव्हतं. मला खटकत होता तो दिवसाचा आकडा.

त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. “दादा, ताप कधी आला ते नको सांगू. शेवटचं दम न लागता जिना कधी चढलास?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दीड महिना झाला असेल मॅडम.”

पुढचं सगळं त्यामागोमाग आलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आधी मध्येच थांबावं लागायचं, नंतर लिफ्टशिवाय जमेना. कोरडा खोकला, कफ नाही. पँट ढिली होत गेली, पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण खोकतो म्हटल्यावर कामावर येऊ देणार नाहीत आणि घरातले सगळे विलगीकरणात जातील, अशी धास्ती. शेवटी १०२ ताप भरला तेव्हा बायकोने ओढून आणलं. कॅज्युअल्टीत त्याला विचारलं होतं, ताप किती दिवस? त्याने खरं तेच उत्तर दिलं होतं: चार.

तोंड उघडायला सांगितलं. फेस शील्डवर वाफ धरलेली, टॉर्च तिरका धरून बघावं लागलं. टाळूवर, गालांच्या आत पांढरे चट्टे. बुरशी. स्टेरॉइडवरच्या माणसाला हे होऊ शकतं, पण तो म्हणाला, जिभेची आग दवाखान्यात यायच्या कितीतरी आधीपासून आहे.

दीड महिना हळूहळू वाढणारी धाप, कोरडा खोकला, वजनात घट, तोंडात बुरशी, चालल्यावर कोसळणारा ऑक्सिजन, चढलेलं एलडीएच. ही यादी कोविडच्या आधीपासूनची आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची एक छोटी नोंद छापून आली होती. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा, एरवी धडधाकट माणसाला न होणारा न्यूमोनिया. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. जगाला एका साथीची चाहूल ज्या न्यूमोनियाने दिली, तोच चाळीसेक वर्षांनी दुसऱ्या साथीच्या गर्दीत आमच्यासमोर झोपला होता.

रेडिओलॉजीच्या सरांना फोन करून सीटी पुन्हा बघायला सांगितला, आणि या वेळी खरा इतिहास सांगितला. ते म्हणाले, धूसरपणा मध्यभागी आणि वरच्या भागात जास्त आहे, कडा बऱ्याच मोकळ्या आहेत. कोविडमध्ये बहुधा उलट असतं. दीड महिना आहे म्हणतेस तर शक्यतांच्या यादीत न्यूमोसिस्टिस वर घ्यायला हवा. तोच स्कॅन, तेच डोळे. बदलला होता फक्त दिवसाचा आकडा. कोविडची अँटिबॉडी तपासणीही पाठवली. हा दीड महिन्याचा कोविड असता तर ती एव्हाना दिसायला हवी होती. निगेटिव्ह आली. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात ती तशीही कमी बनू शकते, म्हणून तिच्यावर फार भार टाकला नाही.

एचआयव्हीच्या तपासणीसाठी संमती घेणं हा त्या दिवसातला सगळ्यात जड भाग. दोन पलंगांमध्ये पडदासुद्धा नाही, मास्कमधून ऐकू जावं म्हणून सगळेच मोठ्याने बोलतात. अशा ठिकाणी हे विचारणार कसं? शेवटी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन त्याला चाकाच्या खुर्चीवरून ड्रेसिंग रूममध्ये नेलं, दार लावलं आणि समुपदेशकाला फोनवर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. “कोरोना नसेल तर दुसरं काहीतरी असेलच ना मॅडम. बघा.”

तपासणी पॉझिटिव्ह आली. सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्या प्रतिकारपेशी मारतो त्यांची मोजणी, नंतर आली, २०० च्या खूप खाली.

निदान पक्कं करायला एरवी ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, केली असती, किंवा खारट वाफ देऊन कफ काढला असता. दोन्हींमध्ये हवेत तुषार उडतात, आणि त्या काळात ते शक्य तितकं टाळायचं असं ठरलेलं होतं. जेमतेम निघालेला कफ पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच संध्याकाळी न्यूमोसिस्टिसवरच्या को-ट्रायमोक्साझोल या औषधाचा मोठा डोस सुरू केला. स्टेरॉइड इथेही लागतंच, फक्त जास्त: सुरुवातीला प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. आलेख सपाट का होता, त्याचं एक उत्तर बहुधा यात होतं. दाह अर्धवट दबला होता, फुप्फुसातल्या बुरशीला कोणीच हात लावला नव्हता.

मग जागेचा प्रश्न. न्यूमोसिस्टिस असलेला, सीडी४ ढासळलेला माणूस संशयित कक्षात म्हणजे दोन्ही बाजूंना कोविड असू शकेल अशा रुग्णांमध्ये झोपलेला. आजवर झाला नसेल तर तिथे होईल. एकट्याची खोली मागितली तेव्हा बेड बघणाऱ्यांनी तीन जणांची यादी वाचून दाखवली, तिघांनाही तितकीच गरज. त्यांची अडचण खरी होती. मी हटले नाही. रात्री उशिरा एक कोपऱ्यातली खोली मिळाली, ती स्टोअरचं सामान हलवून.

एक गोष्ट मात्र आम्ही पटकन आणि एकमताने ठरवली. फळ्यावर निदानाचा रकाना होता, आणि तो फळा सगळ्यांना दिसायचा. नातेवाइकांना फोनवर माहिती देणारेही तोच तक्ता समोर ठेवून वाचायचे. तिथे त्याच्या नावापुढे लिहिलं ‘न्यूमोनिया, कोविड नाही’, एवढंच. उरलेलं त्याच्या केसपेपरमध्ये, ज्यांना उपचारासाठी लागेल त्यांच्यापुरतं. बायकोला त्याने स्वतः सांगितलं, समुपदेशक सोबत असताना. तिची तपासणी निगेटिव्ह आली.

को-ट्रायमोक्साझोल सुरू केल्यावर पहिले काही दिवस रुग्ण आणखी बिघडू शकतो, हे माहीत असूनही छातीत धडधड होते. त्याचा ऑक्सिजन दोनाचा चार लिटर झाला, पोटॅशियम वाढलं, ते सांभाळावं लागलं. मग सिस्टरांच्या तक्त्यात श्वासाचा वेग २४ आला, २२ आला. कफाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत तो ऑक्सिजनशिवाय बसू लागला होता. एचआयव्हीची औषधं दोन आठवड्यांच्या आत सुरू झाली. एकवीस दिवसांचा कोर्स संपवून तो घरी गेला.

दाखल करतानाच्या फॉर्ममध्ये सिस्टरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘दम न लागता शेवटचा जिना कधी चढलात?’ पुढे ती छापूनच घेतली. उत्तरं बहुतेक वेळा आठवड्याभरातली यायची, आणि तो कोविडच असायचा. पण एकाने चार महिने सांगितलं, त्याच्या कफात क्षयाचे जंतू सापडले. एक बाई म्हणाल्या, दुसऱ्या बाळंतपणापासून जिना चढलेच नाहीत. त्यांचा इको केला. हृदयाची झडप आकसलेली होती, आणि सीटीत कोविड म्हणून दिसत होतं ते फुप्फुसात साठलेलं पाणी होतं.