स्पीड डेडलिफ्ट: रॉड जमिनीवरून सुटेना तेव्हा

माझी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजन लावलेला रॉड उचलून सरळ उभं राहायचा व्यायाम, 150 किलोवर अडून बसली होती, आणि अडायची ती नेमकी जमिनीवरच. रॉड एकदा नडगीच्या मध्यापर्यंत आला की पुढचं निभायचं; पण 155 लावले की तो जागचा हलायचा नाही. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बसणं-उठणं) वाढत होता, कंबर ठणठणीत होती, दोन्ही वेळ भाकरी-शेंगाचटणीच्या जोडीला अंडी आणि डाळही चालू होती. तरी ते 5 किलो काही केल्या येईनात.

आमची जिम सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. पहाटेच्या बॅचला एक अण्णा येतात. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आणि तरुणपणी पॉवरलिफ्टिंग (जास्तीत जास्त वजन उचलायचा खेळ) केलेले. माझी झटापट बघून म्हणाले, "आता वजन वाढवू नको बे. कमी कर, आणि जोरात ओढ."

ही पद्धत काही अण्णांच्या घरची नाही. हलकं वजन शक्य तितक्या वेगानं उचलायचं, याला डायनॅमिक एफर्ट म्हणतात. अमेरिकेत ओहायोच्या कोलंबस शहरातल्या वेस्टसाइड बारबेल जिमच्या लुई सिमन्सनी ती पॉवरलिफ्टिंगवाल्यांत रुजवली. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे शाळेत घोकलेलं असतंच. वजन कमी असलं तरी जीव तोडून ओढलं की स्नायूंना बल मोठंच लावावं लागतं. शिवाय स्क्वॉटमध्ये खाली जाताना स्नायू ताणले जातात आणि वर येताना त्या ताणाचा थोडा आधार मिळतो. डेडलिफ्टच्या पहिल्या रेपला, म्हणजे पहिल्या उचलीला, तो मिळत नाही. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिलं चाक फिरेपर्यंत लागतो, तसला जोर लागतो, आणि तो क्षणात काढावा लागतो.

आठवड्याची मांडणी सोपी ठेवली. सोमवारी जड डेडलिफ्ट, गुरुवारी स्क्वॉट झाल्यावर स्पीड. पहिल्या आठवड्यात कमाल वजनाच्या 60 टक्के, म्हणजे 90 किलो. दुसऱ्यात 65, तिसऱ्यात 70, मग पुन्हा 60 वर. 65 टक्क्यांचे 97.5 होतात, पण सव्वा किलोची प्लेट आमच्याकडे कधी जागेवर सापडत नाही, म्हणून सरळ 95. दोन-दोन रेपचे 8 सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती. प्रत्येक रेपला रॉड पूर्ण थांबवायचा आणि नव्यानं पवित्रा घ्यायचा. टेकवून उसळी घेतली तर ज्या जागेसाठी हा खटाटोप, तीच जागा चुकवल्यासारखं होतं.

एक गोष्ट मात्र मोजून घ्या. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, त्यामुळं रॉड जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आमच्या रबरी प्लेट लहान आहेत, रॉड बराच खाली बसतो आणि कंबर गोल होते. म्हणून दोन्ही बाजूंना रबरी मॅटचे तुकडे रचून उंची सारखी केली. त्यानं आवाजही कमी झाला. खाली चादरीचं दुकान आहे, मालक आधी वरचेवर जिना चढून यायचे.

खरी मेख वेगापेक्षा वेगाच्या आधीच्या क्षणात आहे. रॉड आणि प्लेटच्या भोकात थोडी फट असते. हात सरळ ठेवून हळूच वर ताणलं की टक् असा आवाज येतो. फट संपली, रॉड किंचित वाकला, पाठ आणि मांड्या आवळल्या गेल्या. त्यानंतरच पायांनी जमीन खाली ढकलायची. अण्णा शेजारी उभे राहून त्या आवाजाकडेच कान लावायचे. "वाजलं नाही," म्हणाले की रेप बाद. वेगाच्या नादात हिसका मारणारे खूप दिसतात. कोपर वाकलेलं असताना, त्यातही एक पंजा उलटा असताना हिसका बसला तर दंडाचा स्नायू फाटू शकतो. म्हणून स्पीडच्या दिवशी दोन्ही पंजे सरळ आणि पकड घसरू नये म्हणून हाताला चॉक (पांढरी भुकटी). सोलापूरच्या मे महिन्यात तर पहाटेही हात घामेजतात, चॉकशिवाय पर्यायच नाही.

वेग मनानं ठरवू नये, मोबाइल बाजूला टेकवून शूट करावं. आठवा सेट पहिल्यापेक्षा हळू दिसला तर वजन जास्त आहे किंवा तुम्ही दमलेले आहात; तिथंच थांबायचं. हा घाम काढायचा दिवस नाही, हे माझ्या बॅचमधल्या पोरांना अजून पटत नाही. रबरी बँड लावायचा मोहही मी टाळला, कारण वर गेल्यावर बँड किती किलोनं ओढतोय हे आमच्याकडे मोजताच येत नाही. आणि ज्याचं वजन साध्या पद्धतीनं दर आठवड्याला वाढतंय, त्यानं या भानगडीत पडूच नये.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली त्या सुमारास 155 सुटले, उन्हाळा लागता लागता 160. सगळं श्रेय स्पीडला देणार नाही. त्याच काळात सोमवारचे जड सेट अण्णांनी कमी करायला लावले होते. पण जमिनीवरचा तो अडथळा गेला, हे व्हिडिओत उघड दिसतं. आता 165 गुडघ्याच्या जरा वर थांबतात. तिथं स्पीडचा फारसा उपयोग नाही, असं अण्णांचं म्हणणं. गुरुवारचं स्पीड निम्म्यावर आणून प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवून गुडघ्यापासून ओढायला लावलंय, आणि ठोकळे मलाच करून आणायला सांगितलेत.