ट्युटोरियल टाइमटेबलमध्येच हवं

दहावीच्या निकालात आमचा कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात, आणि मग दोन वर्षांनी त्यातलीच कितीतरी पोरं बारावी करून घरी बसलेली दिसतात किंवा मामाकडे मुंबईला कामाला गेलेली असतात. हुशार मुलांचं कसंही होतं, नापास होणाऱ्यांकडे शाळेचं लक्ष असतं. मधली, साठ-सत्तर टक्केवाली, गप्प बसणारी जी पोरं आहेत ना, त्यांना कोणी विचारतच नाही. घरात कॉलेजला गेलेलं कोणी नसतं, त्यामुळे सीईटीचा फॉर्म कधी निघतो, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला कशाला लागतो, स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायची असते, हे सांगणार कोण?

अमेरिकेत नेमक्या अशाच मुलांसाठी अ‍ॅव्हिड नावाचा विषय शाळेत असतो. १९८० साली सॅन दिएगोच्या क्लेअरमाँट हायस्कूलमधल्या मेरी कॅथरीन स्वॉन्सन या इंग्रजीच्या शिक्षिकेने ३२ मुलांवर तो सुरू केला. मुलं हा विषय स्वतः निवडतात, त्याचा रोजचा तास असतो, नोट्स कशा काढायच्या, वह्या कशा नीट ठेवायच्या, कॉलेजची तयारी कशी करायची हे त्यात येतं आणि आठवड्यातले काही तास छोट्या गटाचं ट्युटोरियल असतं. साधारण सात मुलांमागे एक ट्युटर, तोही बहुतेकदा कॉलेजचा विद्यार्थी.

त्यातलं ट्युटोरियल आम्ही आमच्या हायस्कूलमध्ये करून बघतोय आणि मला ते मनापासून आवडलंय. मुलाने येताना आपण नेमकं कुठे अडलो ते लिहून आणायचं. 'गणित कळत नाही' असं चालत नाही, कुठल्या पायरीपर्यंत कळलं आणि पुढे काय अडलं ते लिहायचं. मग तो फळ्यापाशी उभा राहतो आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर सांगायचं नाही.

परवा एक मुलगी वर्गसमीकरण घेऊन आली, एक्स वर्ग वजा ५ एक्स अधिक ६ बरोबर शून्य, सूत्राने सोडवलेलं, पुस्तकात उत्तर २ आणि ३ आणि हिचं येतंय वजा २ आणि वजा ३. एकाने विचारलं, बी किती? वजा ५. मग सूत्रात काय आहे, बी की वजा बी? ती थांबली. मागून एक जण म्हणाला, "मगे वजाचा वजा काय होता गो?" आणि तिने स्वतःच खोडून अधिक ५ केलं. मी एक शब्द बोलले नाही. मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावून उतरवून घेतलं असतं आणि पुढच्या गणितात परत तिथेच अडली असती. प्रश्न विचारणाऱ्या पोरांचाही तोच धडा पक्का झाला, हे वेगळंच.

पण खरी अडचण वेळेची आहे. शाळा सुटल्यावर थांबवायचं म्हटलं तर एस्टी जाते, ती चुकली की लांबच्या वाडीवरच्या मुलांनी जायचं कसं, त्यात पावसाळ्यात लवकर काळोख होतो, आणि मुलींना तर घरून थांबायची परवानगीच मिळत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे करायचं तीच मुलं गळतात. सध्या आम्ही ऑफ तासाला भागवतो, पण सर रजेवर असले तर ट्युटोरियल, नाहीतर नाही, हे काय खरं नाही. तिकडे अमेरिकेत हा टाइमटेबलमधलाच तास आहे, म्हणून सगळी मुलं हजर असतात. आपल्याकडेही शाळांनी आठवड्यातले दोन तास तरी यासाठी लावून द्यावेत असं मला फार वाटतं, आणि मुख्याध्यापकांकडे मी मागणी केलेली आहे.

ट्युटर मात्र बाहेरूनच हवेत. शिरगावला फिशरीजला, दापोलीला अ‍ॅग्रीला किंवा पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनो, गणपतीआधी एखादा दिवस लवकर येता आलं तर शाळेत या. गणित सगळं आठवत नसलं तरी चालेल, प्रश्न विचारायचेत, आणि फॉर्म कसा भरलात, हॉस्टेल कसं मिळालं, तेवढं पोरांना सांगा.