मे महिन्यातला थंड नळ आणि दवाखान्याचं पाणी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी दोन वाजता थंड पाण्याचा नळ सोडून बघा, पहिलं मिनिटभर हात धरवत नाही. गच्चीवर काळी टाकी, टाकीतून निघणारा पाइप उघड्या भिंतीवरून खाली आलेला, आणि वर ४५ चं ऊन. आमचे वॉचमन आप्पा म्हणतात, "पानी इतलं तपेल शे भाऊ, गिझर कसाले जोयजे?" बरोबरच आहे त्यांचं. पण दवाखान्यात हेच पाणी मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण अशा कोमट पाण्यात न्यूमोनिया करणारा एक जंतू वाढतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

मी एका खाजगी दवाखान्याच्या बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो, म्हणजे पंप, टाक्या, नळ, जनरेटर, तुंबलेले संडास, सगळं आमच्याच डोक्यावर. पाण्याबद्दल कुणी विचारलं की लोक लगेच आरओ दाखवतात. आरओ पिण्यासाठी ठीक आहे हो, पण पेशंट पाणी फक्त पितो का? तो शॉवरखाली बसतो, जेट स्प्रे वापरतो, बेसिनवर तोंड धुतो, त्याच्या ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी असतं, नेब्युलायझर कुणीतरी नळाखाली विसळून आणतं. त्यातलं कुठलंच पाणी आरओतून आलेलं नसतं.

लिजिओनेला नावाचा एक बॅक्टेरिया आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं, घरी गेल्यावर माणसं न्यूमोनियाने पटापट आजारी पडली, ३४ जण गेले, आणि कारण काय ते कितीतरी महिने कळेना. जानेवारी १९७७ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या जोसेफ मॅकडेड यांच्या हाताला हा जंतू लागला. त्या सैनिकांच्या संघटनेचं नाव अमेरिकन लीजन, म्हणून जंतूला हे नाव पडलं. पुढे १९८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या चक्क हॉस्पिटलातच साथ झाली, २८ लोक दगावले, आणि उगम निघाला एसीच्या कूलिंग टॉवरमध्ये, म्हणजे एसीचं पाणी तुषार उडवून गार करणाऱ्या यंत्रात. लोक बरे व्हायला आले होते तिथे.

गंमत म्हणजे हा कॉलरा-टायफॉइडसारखा पोटातून येणारा प्रकार नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की हा बसतो, किंवा पिताना पाणी श्वासनलिकेत गेलं, ठसका लागला, तर. एका माणसापासून दुसऱ्याला सहसा होत नाही. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, पण पन्नाशीच्या पुढचे, बिडी-सिगारेटवाले, शुगरवाले, किडनीवाले, स्टेरॉइड किंवा केमो चालू असलेले, ह्यांना धरतो. आता हे सगळे एका छताखाली कुठे सापडतात ते सांगायला नको.

आता तापमानाचं. लिजिओनेला साधारण २५ ते ४५ डिग्रीत मजेत वाढतो. म्हणून इंग्लंडच्या नियमात दोन गोष्टी असतात, थंड पाणी २० च्या खाली ठेवा आणि गरम पाणी ६० ला साठवा. ६० ला नव्वद टक्के जंतू दोनेक मिनिटांत मरतात, ५० ला त्यालाच दोनेक तास लागतात. वाचायला छान वाटतं. पण भाऊ, आपल्याकडे २० च्या खाली थंड पाणी कुठून आणायचं? मार्चपासून जूनपर्यंत आमच्या थंड लाइनचं पाणी ३० च्या खाली उतरतच नाही, दुपारी थर्मामीटर धरला तर ३६-३८ दाखवतो, ऑक्टोबर हीटमध्ये परत तेच. म्हणजे त्यांच्याकडे जी लाइन सुरक्षित धरली जाते ती आपल्याकडे वर्षातले सहा-सात महिने जंतूंसाठी अगदी सोयीच्या तापमानाला असते. माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरच्या नियमातला थंडपणा आपल्याला मिळणार नाही, मग आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, पाणी साचू न देणं आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचवणं. टाकीला पांढरा रंग मारा, वर शेड टाका, उघड्या पाइपाला इन्सुलेशन गुंडाळा, त्याने चार-पाच डिग्री उतरतात, उतरवाच, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

साचलेलं पाणी म्हटलं की सगळे टाकीकडे बघतात. खरी जागा भिंतीच्या आत असते. वॉर्डचं रिनोव्हेशन होतं, एक बेसिन काढून टाकतात, प्लंबर पाइपाला एन्ड कॅप मारतो, वरून टाइल्स बसतात, विषय संपला. पण टी पासून (जिथे पाइपाला फाटा फुटतो तो जोड) त्या कॅपपर्यंतचा तो तीन-चार फुटांचा तुकडा पाण्याने भरलेलाच राहतो, वर्षानुवर्षं. त्यात पाणी हलत नाही, क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं, आत चिकट बुळबुळीत थर धरतो, त्या थरात अमिबा राहतात आणि लिजिओनेला त्या अमिबाच्या पोटात शिरून वाढतो, तिथे क्लोरीनचाही त्याला फारसा त्रास होत नाही. त्यात आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, पाइपात पांढरा थर बसतो, त्या खरबरीत थराला हे सगळं आणखी छान चिकटतं. मग कधीतरी पंपाचं प्रेशर बदलतं, लाइनला झटका बसतो आणि तिथला गाळ मेन लाइनमध्ये येतो.

हे मी रावेर-यावलच्या कुठल्याही केळीवाल्या शेतकऱ्याला सांगितलं तर त्याला दोन मिनिटांत कळतं, डॉक्टरांना समजवायला अर्धा तास लागतो. कारण ड्रिपवाला माणूस लॅटरलची, म्हणजे झाडांजवळून जाणाऱ्या बारीक नळीची, एन्ड कॅप उघडून फ्लश मारतोच, शेवाळ धरलं की क्लोरीन सोडतो, क्षार बसले की अॅसिड ट्रीटमेंट करतो, सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून गढूळ पाणी जाईपर्यंत थांबतो. नाही केलं तर ड्रिपर बंद पडतात आणि झाड सुकून लगेच सांगतं. दवाखान्याच्या पाइपाचं असं काही दिसत नाही, म्हणून कुणी फ्लश करत नाही. (अॅसिड मात्र पेशंटच्या पाण्याच्या लाइनीत घालायला जाऊ नका, तुलना तिथे संपली.)

दुसरी आपली खास भानगड म्हणजे रोज पाणी न येणं. खान्देशात नळाला पाणी एक दिवसाआड आलं तरी लोक नशीबवान समजतात, काही ठिकाणी त्याहून किती उशिरा येतं ते तुम्हाला माहितीच आहे. मग दवाखाना बांधतानाच मोठाल्या टाक्या बांधतात, खाली जमिनीत संपची टाकी, वर चार-पाच टाक्या एकमेकींना जोडलेल्या, टँकरचं वेगळं, बोअरचं वेगळं. जोडलेल्या टाक्यांत नेहमी एक-दोन अशा असतात की ज्यांच्यातून पाणी खरं फिरतच नाही, इनलेट आणि आउटलेट एकाच बाजूला, पलीकडच्या टाकीतलं पाणी नुसतं उन्हात तापत पडलेलं. साठा लागतोच, तो कमी करा असं मी म्हणणार नाही, पण इनलेट एका टोकाच्या टाकीला आणि आउटलेट दुसऱ्या टोकाच्या टाकीला घ्या म्हणजे सगळं पाणी फिरतं. दोन एल्बो आणि थोडा पाइप, खर्च काहीच नाही.

क्लोरीन तपासायचं तर टाकीत तपासून उपयोग नाही. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती बहुतेकांनी बघितली असेल, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. आम्ही डीपीडीच्या गोळ्या वापरतो, गुलाबी रंग येतो आणि मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं, किती ते नीट कळतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, मोकळं क्लोरीन लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम धरलंय. मोजायचं ते सगळ्यात लांबच्या नळाला, सगळ्यात वरच्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत, आणि तेही उन्हाळ्यात दुपारी, कारण उष्णतेने क्लोरीन भराभर उडतं. टाकीत रंग गडद गुलाबी आणि टोकाच्या खोलीत पांढरं शुभ्र, असं बघितलं की माणूस जागा होतो.

सोलरचं पण सांगून टाकतो. उन्हाळ्यात सोलरची टाकी ७० च्या वर जाते, तिथे काही जगत नाही. गोची होते श्रावणात, आभाळ भरलेलं, बॅकअप हीटर वीजबिलासाठी बंद केलेला, टाकीत पाणी ४० डिग्रीला कोमट. अंघोळीला चालतं, कुणी तक्रार करत नाही, आणि जंतूला पण अगदी तेच हवं असतं. पावसाळ्यात बॅकअप चालू ठेवायचा आणि टाकी ६० ला न्यायची, ह्यावर मी अकाउंटवाल्यांशी कायम भांडतो. फक्त ६० चं पाणी थेट म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर नको, भाजतं, नळाजवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह पाहिजे.

आता वॉर्डमधलं, जिथे माझ्यापेक्षा सिस्टर लोकांचा हात जास्त चालतो. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचं पाणी भरायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आरओचं भरलं तर आपण फार मोठं काम केलं असं वाटतं. तिथे स्टेरिलच, म्हणजे निर्जंतुक केलेलं, पाणी पाहिजे, आणि कमी झालं की वरून भर घालायची नाही, ओतून टाकून बाटली बदलायची. २०२१ च्या कोविडात काळ्या बुरशीच्या वेळी ह्याच बाटल्यांबद्दल सगळीकडे सूचना आल्या होत्या, तेव्हा सहा महिने सगळ्यांनी पाळलं. आमच्या एक सीनियर सिस्टर आहेत, त्या म्हणाल्या, "दादा, स्टोअरमधून स्टेरिल वॉटर वेळेवर आलं तर कोण कशाला नळाकडे जाईल?" खरंय. नाइट ड्यूटीला स्टोअरला कुलूप असतं. मग वॉर्डमध्येच साठा ठेवायला सुरुवात केली आणि तक्रार बंद झाली. नेब्युलायझरचं पण तसंच, धुतला तर शेवटचं विसळणं स्टेरिल पाण्याने आणि मग वाळवून ठेवायचा.

कूलरबद्दल खूप जण विचारतात कारण आपल्याकडे वॉर्डात कूलर असतोच. कूलिंग टॉवरइतका धोका त्यात नाही, पाणी पॅडवरून वाफ होऊन जातं, तुषार कमी उडतात आणि पाणीही त्यामानाने गार राहतं. पण आठवडा-आठवडा तेच पाणी ठेवलं, पॅड सडका वास मारायला लागला, तर ते काढायलाच पाहिजे, आणि डेंग्यूचा डास तर त्यात नक्की होतो.

आणि ते सेन्सरचे नळ! नवीन बिल्डिंगमध्ये मालकांना ते लावायची फार हौस असते, हात न लावता पाणी येतं म्हणजे स्वच्छ असं वाटतं. त्यांच्या आत व्हॉल्व्ह, जाळ्या, रबराचे भाग जास्त आणि पाणी बारीक धारेने थोडंसंच जातं, त्यामुळे आत थर धरायला जागा मिळते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलने हे तपासलं तेव्हा साध्या नळांपेक्षा सेन्सरच्या नळांत लिजिओनेला जास्त सापडला आणि त्यांनी ते नळ काढायला घेतले. शिवाय एकटा लिजिओनेलाच नाही, स्युडोमोनास नावाचा दुसरा जंतू पण नळाच्या तोंडाशी राहतो. २०१२ च्या जानेवारीत बेलफास्टच्या बाळांच्या आयसीयूत त्याने तीन बाळं गेली, जंतू नळांत सापडला. कोपराने ढकलायचा साधा लांब दांड्याचा नळ घ्या, स्वस्त पण पडतो.

एकाच बिल्डिंगमध्ये किती फरक असतो बघा. डायलिसिसच्या पाण्याची लाइन गोल फिरती असते, कुठे बंद टोक नाही, ठरलेल्या तारखेला डिसइन्फेक्शन, कल्चर, रजिस्टर, सगळं. कारण तिथलं पाणी थेट रक्ताशेजारून जातं, चूक झाली तर तासाभरात पेशंटला थंडी वाजते. त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाथरूममध्ये महिना महिना न उघडलेला शॉवर. तिथला परिणाम दिसायला २ ते १४ दिवस लागतात, तोवर पेशंट डिस्चार्ज घेऊन चोपड्याला नाहीतर साक्रीला घरी गेलेला असतो, तिकडे न्यूमोनिया होतो, तिकडचे डॉक्टर औषध देतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. आमचे फिजिशियन सांगत होते की ह्या जंतूवर नुसतं सेफ्ट्रिअॅक्सोन चालत नाही, अॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिनसारखं लागतं, आणि लघवीची एक अँटिजेन टेस्ट असते पण ती आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं, शिवाय तिच्यात मुख्यतः एकच प्रकार सापडतो, म्हणजे निगेटिव्ह आली तरी सुटलो असं नाही. "आमच्याकडे अशी केस नाही" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मी आधी विचारतो, टेस्ट किती केल्या?

आम्ही करतो ते फार भारी नाही. रिकाम्या खोल्यांची यादी रोज रिसेप्शनवरून घ्यायची, आठवडाभर न वापरलेला नळ, शॉवर, जेट स्प्रे पाचेक मिनिटं सोडायचा, शॉवर सोडताना त्याचं तोंड पिशवीत धरायचं म्हणजे तुषार आपल्याच नाकात जात नाहीत. नळाच्या तोंडाच्या एरेटरच्या जाळ्या आणि शॉवर काढून क्षार साफ करायचे. पाणी वाया जातं अशी ओरड होते, दुष्काळी भागात ती होणारच, म्हणून ते पाणी बादलीत धरून फरशीला नाहीतर झाडांना टाकतो. टाक्या घासून झाल्यावर जोराचं क्लोरीन द्यायचं असेल तर हिशोब सोपा आहे, ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला १५० ग्रॅम म्हणजे साधारण ५० पीपीएम, लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, सगळे नळ वास येईपर्यंत उघडायचे, तासभर ठेवायचं आणि मग पूर्ण धुऊन काढायचं. तेवढा वेळ प्रत्येक नळावर बोर्ड आणि डायलिसिसची लाइन तोडलेली, कारण क्लोरीन तिथे गेलं तर वेगळंच संकट. आणि त्या वेळी संडासात अॅसिड टाकणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, दोन्ही एकत्र आलं की विषारी गॅस होतो. उघड्या गोणीतली जुनी पावडर वापरली तर हा सगळा हिशोब फुकट, तिच्यातलं क्लोरीन आपल्या उन्हात कधीच उडून गेलेलं असतं.

सध्या अडलंय ते दुसऱ्या मजल्यावर. तिथे भिंतीत दोन जुने कॅप मारलेले तुकडे आहेत, ते टी पासूनच कापायचे म्हणजे टाइल्स फोडाव्या लागणार, खोल्या बंद ठेवाव्या लागणार, आणि डेंग्यूचा सीझन चालू असताना मॅनेजमेंट खोली बंद करू देणार नाही. दिवाळीत पेशंट कमी असतात तेव्हा फोडू असं ठरलंय, तोपर्यंत त्या मजल्याच्या टोकाच्या नळाचं क्लोरीन रोज मोजतोय.