मुलं कुठे राहतात, यावर

मिलानमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर मी एका कर-मदत केंद्रात बसते. नोकरदारांचं ७३० नंबरचं विवरणपत्र, मुलांच्या भत्त्याचे अर्ज, भाड्याचे करारनामे असं काम असतं. केंद्र विया पादोवाच्या एका गल्लीत आहे, त्यामुळे रांगेत इजिप्तचे लोक कायम जास्त. मिलान शहरातला सगळ्यात मोठा परदेशी समाज त्यांचाच. सेनेगलचे लोक त्या मानाने थोडे. तेही बरेचसे बेर्गामो, ब्रेशाकडच्या कारखान्यांतून येतात, कारण आमच्याकडच्या एका सहकारिणीला फ्रेंच येतं.

ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, या दोघांत जास्त बरं कोणाचं चाललंय? आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात: इजिप्शियन धंद्यात हुशार, सेनेगली बिचारे समुद्रकिनाऱ्यावर पट्टे नि पाकिटं विकतात. हे ऐकलं की मला राग येतो. माझ्यासमोर येणारे कागद काही वेगळंच सांगतात. या दोन समाजांत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा एका गोष्टीवरून ठरतो असं माझं मत झालंय: माणसाची बायकामुलं इटलीत राहतात की गावी.

सुरुवात दोघांची जवळपास सारखीच होती. ऑगस्ट १९८९मध्ये व्हिला लितेर्नो इथे टोमॅटोच्या शेतात राबणाऱ्या जेरी मास्लो या दक्षिण आफ्रिकी निर्वासिताचा खून झाला. इटली हादरली आणि पुढच्या वर्षी ३९ क्रमांकाचा कायदा आला. त्या कायद्याने कागदपत्रांविना राहणाऱ्या हजारो लोकांना परवाने दिले. त्यात कैरोहून आलेले होते तसे डाकारहून आलेलेही होते. २००२ साली पुन्हा एकदा तसंच मोठं नियमितीकरण झालं. दोघांचाही मुख्य धर्म इस्लाम (इजिप्शियनांत कॉप्टिक ख्रिस्ती बरेच आहेत, ते लोक विसरतात). दोघेही सुरुवातीला एकटे पुरुषच आले. वाटा फुटल्या त्या नंतर.

दोन माणसांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पहिला घार्बियाचा, म्हणजे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातला. प्लास्टर आणि रंगकाम करतो. नोकरी नाही, स्वतःचा कर क्रमांक काढून, एकट्याच्या नावावर धंदा. त्याच्यासारख्यांसाठी इटलीत सोपी करपद्धत आहे: बांधकामात उलाढालीच्या ८६ टक्के रक्कम उत्पन्न धरायची, विम्याचे हप्ते वजा करायचे, उरलेल्यावर सरसकट १५ टक्के कर. सिमेंट, रंग, गाडीचं डिझेल यांवर खरा किती खर्च झाला, ते कोणी विचारत नाही. २०२०मध्ये सरकारने इमारतींच्या दुरुस्तीसाठी खर्चाच्या ११० टक्के करसवलत आणली, तेव्हा मिलानमध्ये जिकडे तिकडे परांच्या उभ्या राहिल्या आणि त्याने गावचे दोन चुलतभाऊ हाताखाली घेतले. लोक पैशांऐवजी ती सवलतच कंत्राटदाराच्या नावावर वर्ग करायचे; फेब्रुवारी २०२३मध्ये सरकारने त्याला बंदी घातली. त्याच्या मुख्य कंत्राटदाराचे पैसे अडकले, मग त्याचेही अडकले. ते वर्ष त्याने कसं काढलं ते मी त्याच्या कागदांवरून पाहिलंय.

त्याची बायको आणि तीन मुलं मिलानमधल्याच सान सिरोच्या सरकारी वसाहतीत त्याच्याबरोबर राहतात. बायको घराबाहेर काम करत नाही. इटलीतल्या इजिप्शियन बायकांत पगारी काम करणाऱ्या फारच थोड्या आहेत. या देशातल्या परदेशी समाजांत हे प्रमाण अगदी तळाला जाणाऱ्यांपैकी आहे. पाच माणसांचं घर एका माणसाच्या खांद्यावर. तो खांदा परांचीवर निखळला तर काय, हा विचार मला त्याचा फॉर्म भरताना दर वेळी येतो. टेबलावर दुभाषी असते ती त्याची चौदा वर्षांची मुलगी. वडिलांवर किती कर निघतोय हे त्या पोरीला आईच्या आधी कळतं. एवढ्या लहान वयात हे ओझं नको होतं, असं मला वाटतं. पण ती नसती तर त्या घराला इथली निम्मी पत्रं वाचताच आली नसती.

दुसरा सेनेगलच्या लूगा भागातला. बेर्गामोजवळच्या ओतशाळेत कायमचा कामगार, कर कापण्यापूर्वीचा पगार वर्षाला २६ हजार युरोंच्या आसपास, युनियनचा सभासद. कागद इतके नीटनेटके की त्याचं विवरणपत्र अर्ध्या तासात होतं. झिंगोनियात चौघांनी मिळून एक घर भाड्याने घेतलंय. बायको, तीन मुलं आणि आई लूगाला. वर्षाची रजा साठवून एकदम जातो. तूबा शहरात त्याचं घर बांधून व्हायचंय. एक मजला झाला, वरच्या मजल्याच्या सळया अजून उघड्या आहेत. मोबाइलवर फोटो दाखवतो तेव्हा खोल्यांपेक्षा त्या सळयांबद्दलच जास्त बोलतो.

करखात्याच्या नजरेने पाहिलं तर दुसरा माणूस सुखी. पक्की नोकरी, कर्ज नाही, एकट्याचा खर्च. पण त्याच्या पगारावर लूगात एक मोठं कुटुंब चालतं आणि ते कुटुंब इटलीच्या कुठल्याच नोंदीत नाही. पहिला माणूस कागदावर गरीब दिसतो, कारण त्याची माणसं नोंदीत आहेत. पण म्हणूनच त्याला सरकारी घर मिळतं, शाळेच्या जेवणात सूट मिळते, मुलांचा भत्ता मिळतो.

पैसा घरी पाठवण्याची गोष्टही तशीच. सेनेगलचा फ्रँक युरोला बांधलेला आहे: एक युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, १९९९पासून तसाच. ओतशाळेतल्या माणसाला ठाऊक असतं की आज पाठवलेल्या २०० युरोंचे गावी किती होणार, पुढच्या वर्षी किती होणार. तो त्या भरवशावर सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब करतो. इजिप्तचा पौंड मात्र सतत घसरत आलाय. २०१६च्या नोव्हेंबरात सरकारने तो मोकळा सोडला तेव्हा डॉलरमागे नऊच्या आत असलेला भाव काही आठवड्यांत दुपटीवर गेला. मार्च २०२४मध्ये तो एका दिवसात ३१वरून ५०च्या आसपास पोचला. त्याआधीचे काही महिने बँकेचा भाव एक आणि काळ्या बाजाराचा त्याच्या दुप्पट, त्यामुळे बँकेतून पैसे पाठवणारा माणूस स्वतःच्या आईच्या तोंडचा घास कमी करत होता. मग कोणी ओळखीच्याच्या हाती रोख पाठवायचं, कोणी सोनं घ्यायचं, कोणी गावी जमिनीचा तुकडा. फायूम प्रांतातलं ततून हे गाव इटलीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या उंच घरांसाठी प्रसिद्ध आहे. ते का, हे पौंडाचा इतिहास पाहिला की कळतं.

भिशी मात्र दोघांकडे आहे, अगदी आपल्यासारखी. दर महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकाला सगळी. इजिप्शियन भिशी भाऊ, मेहुणे, एका गावचे लोक यांच्यात फिरते. तिच्यातून कोणी व्हॅन घेतं, कोणी पिझ्झाच्या दुकानाची पागडी भरतं. मिलानमधल्या कित्येक पिझ्झा दुकानांत भट्टीपुढे इजिप्शियन माणूसच असतो आणि त्यातली बरीच दुकानं आता त्यांच्या मालकीची आहेत. सेनेगली लोकांत भिशीच्या जोडीला दाहिरा असते. मुरीद पंथाच्या लोकांचं ते मंडळ. शेख अहमदू बांबा यांनी हा पंथ स्थापला, तूबा वसवलं; फ्रेंचांनी त्यांना १८९५ साली गाबोनला हद्दपार केलं होतं. दाहिरात दर आठवड्याला जमतात, त्यांची काव्यं गातात, वर्गणी काढतात. कोणी इटलीत वारला तर मृतदेह गावी पोचवायचा खर्च दाहिरा करते. तूबातलं मोठं रुग्णालय परदेशातल्या मुरीदांच्या पैशातून उभं राहिलं. इतकी शिस्तबद्ध व्यवस्था इजिप्शियनांत मला दिसली नाही. त्यांचं सगळं रक्ताच्या नात्यातून चालतं. नातं चांगलं असेल तर माणूस लवकर वर येतो. आणि भावाने भावाला राबवून पगार बुडवला, अशाही तक्रारी माझ्या टेबलावर आल्या आहेत.

आता कायद्याबद्दल. यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

मार्च २०२२मध्ये इटलीने २१ वर्षांखालच्या मुलांसाठीची करसवलत बंद केली आणि त्याऐवजी थेट भत्ता आणला: उत्पन्नानुसार मुलामागे महिन्याला ५० ते १७५ युरो, पुढे दरवर्षी थोडा वाढत गेलेला. सान सिरोतल्या घरात तो दर महिन्याला जमा होतो. तीन मुलं आहेत म्हटल्यावर ती रक्कम काम नसलेल्या महिन्यात घर चालवते. पण भत्ता मिळायला मूल इटलीतल्या कुटुंबाच्या नोंदीत हवं. लूगातलं मूल त्यात बसत नाही. म्हणजे ओतशाळेतल्या माणसाची जुनी सवलत गेली आणि नवा भत्ता आलाच नाही.

बायकोसाठीची सवलत तेवढी उरली होती. त्याच्या उत्पन्नाला ती वर्षाला ६९० युरो होती, फ्रँकांत साडेचार लाख. २०२५च्या अर्थसंकल्पी कायद्याने तीही काढली, पण सगळ्यांची नाही. ज्याच्याकडे इटलीचं किंवा युरोपीय संघाचं नागरिकत्व नाही आणि ज्याची माणसं परदेशात राहतात, फक्त त्याची. एकाच भट्टीपुढे उभे राहणारे दोन सेनेगली, दोघांच्या बायका लूगात, दोघांचा पगार एकच. एकाने नागरिकत्व घेतलंय म्हणून त्याला ६९० युरो मिळतात, दुसऱ्याला शून्य. नागरिकत्वासाठी दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य, भाषेची परीक्षा, मग निकालाची वाट. जून २०२५मध्ये दहाची पाच वर्षं करण्यासाठी सार्वमत झालं, ते पुरेसे लोक मतदानाला न आल्याने बाद ठरलं. सवलतीतला हा भेद मी अन्याय्य मानते. कर भरताना त्याचं नागरिकत्व कोणी विचारत नाही.

त्याला हे समजावून सांगताना माझी सहकारीण फ्रेंचमध्ये अडखळली. तो शांत होता. म्हणाला, "सिन्योरा, म्हणजे त्यांना इथे आणलं तर ती माझी माणसं ठरणार?"

इथे आणलं की सगळं सुटतं असंही नाही, हे मी सान सिरोत पाहते. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी पोलिसांनी केलेल्या पाठलागात स्कूटरवर मागे बसलेला एकोणीस वर्षांचा इजिप्शियन मुलगा मिलानच्या कोर्वेत्तो भागात मरण पावला. पुढच्या रात्री तिथे जाळपोळ झाली. त्याच्या वडिलांनीच शांततेचं आवाहन केलं. त्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक इजिप्शियन आईने मुलाच्या परतीच्या वेळेबद्दल काही ना काही बोलून दाखवलं. ही मुलं इथे वाढलीत, यांचं इटालियन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि तरी त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती अजून परदेशी माणसाचा परवानाच आहे. खाबी लामे एक वर्षाचा असताना सेनेगलहून आला, तुरीनजवळच्या किवास्सोत वाढला, टिकटॉकवर जगभर पोचला. त्यालाही नागरिकत्व २०२२ साली मिळालं.

शिवाय इजिप्तहून एकटी येणारी मुलं. पंधरा-सोळा वर्षांची, लिबियामार्गे समुद्रातून. अल्पवयीन मुलाला इटली परत पाठवत नाही, आणि २०१७च्या ४७ क्रमांकाच्या कायद्याने त्यांना आणखी संरक्षण दिलंय. हे त्रिभुज प्रदेशातल्या गावांनाही माहीत आहे. घर कर्ज काढतं, मुलगा निघतो. असा एक मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर पहिलं वेतन प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आला होता. कर परत मिळणार होता, थोडाच. किती दिवसांत मिळेल, एवढंच त्याला हवं होतं. गावी सावकार दारात बसले होते. त्याला ना सान सिरोच्या घराचा आधार, ना दाहिराचा. या दोन समाजांची तुलना करताना मला सगळ्यात जास्त काळजी या मुलांची वाटते, आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

ओतशाळेतल्या माणसाने बायको आणि मुलांना आणायचं ठरवलंय. थोरला नोव्हेंबरात अठराचा होतोय, म्हणजे त्याचा अर्ज त्याआधी जायला हवा, नाहीतर तो मुलगा म्हणून येऊच शकणार नाही. उत्पन्नाची अट तो पुरी करतो: सरकार गरीब वृद्धांना देतं त्या सामाजिक भत्त्याच्या वर्षाच्या रकमेएवढं उत्पन्न, आणि येणाऱ्या दर माणसामागे त्याच्या निम्मं आणखी. अडतंय ते घर. नगरपालिकेचा दाखला हवा की घर एवढ्या माणसांना पुरेल, आणि झिंगोनियातलं चौघांचं घर त्यात चालणार नाही. आम्ही बेर्गामोच्या आसपास दोन खोल्यांची घरं शोधतोय. पक्की नोकरी, पगाराच्या पावत्या, सगळं दाखवतो. फोनवर नाव सांगितलं की बऱ्याच ठिकाणी घर नुकतंच गेलेलं असतं. दाल्मिनेतल्या एका मालकिणीने घर बघायला बोलावलंय. शनिवारी मीही त्याच्याबरोबर जाणार आहे.