चार शून्ये आणि तीन समांतर प्रतले

उत्तरपत्रिका परत दिल्या, त्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी येऊन थांबली. समीकरणे होती क्ष − २य + झ = ३, २क्ष − ४य + २झ = ७ आणि ३क्ष − ६य + ३झ = १०. ती सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीत सहगुणकांच्या, म्हणजे क्ष, य, झ यांच्या आधीच्या संख्यांच्या, चौकटीतून मुख्य निश्चयक ही एक संख्या काढतात; मग एकेका स्तंभाच्या जागी उजवीकडच्या संख्या घालून आणखी तीन निश्चयक काढतात. हे चारही निश्चयक शून्य आले की उकली अनंत, असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे; उत्तरसूचीतही तेच होते. तिने ‘उकल नाही’ असे लिहिले होते आणि मी तिला शून्य गुण दिले होते.

“सर, अनंत उकली असतील, तर त्यातली एक तरी सांगा ना.”

मी खडू उचलला. पहिल्या समीकरणाची दुप्पट केली, तर डावी बाजू दुसऱ्यासारखीच होते, पण उजवीकडे ६ येतात. दुसऱ्यात ७ आहेत. पुढे करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्या संध्याकाळी मी पुठ्ठ्याचे तीन तुकडे घेऊन बसलो. अशा प्रत्येक समीकरणाचे चित्र म्हणजे अवकाशातला एक सपाट पृष्ठभाग, म्हणजेच प्रतल, आणि उकल म्हणजे तिन्ही प्रतलांना सामाईक असलेला बिंदू. दोन तिरके आणि एक तळाला असे तंबूसारखे मांडले, की तिन्ही प्रतलांना सामाईक बिंदू मिळत नाही. पण तेथे मुख्य निश्चयक शून्य असला, तरी उरलेल्या तिघांपैकी एक तरी शून्य नसतो आणि नियम विसंगती बरोबर पकडतो. दोन समांतर प्रतलांना तिसरे छेदत असेल, तरीही तो पकडतो. तिन्ही प्रतले एकमेकांना समांतर असली, की मात्र तो फसतो, कारण तेव्हा सहगुणकांचे तिन्ही स्तंभ एकमेकांच्या पटीत असतात. कोणत्याही एका स्तंभाच्या जागी उजवीकडच्या संख्या घातल्या, तरी पटीतले दोन स्तंभ मागे उरतात आणि निश्चयक आपोआप शून्य होतो. प्रतले एकच आहेत की वेगवेगळी, हे ज्या संख्या सांगतात, त्यांचा उत्तरावर काही परिणामच होत नाही.

“परीक्षेत असे प्रश्न सहसा येत नाहीत,” असे एका सहकाऱ्यांनी सांगितले. मला ते पटले नाही. प्रतलांचे चित्र न दाखवता नुसते निश्चयक काढायला लावणे ही आपल्या शिकवण्यातली जुनी उणीव आहे, आणि त्या मुलीने ते चित्र स्वतःहून पाहिले होते.

तिचे गुण मी त्याच दिवशी दुरुस्त केले. ज्यांनी ‘अनंत उकली’ लिहून पूर्ण गुण मिळवले, त्यांचे गुण कापावेत की नाही, हे अजून ठरत नाही. त्यांनी मी शिकवलेलेच लिहिले होते.